जँगोमध्ये चारशेच्या घरातले एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जँगोवर (पायथॉन भाषेतलं वेब फ्रेमवर्क) काम करणाऱ्या आणि तो नव्याने शिकणाऱ्या मंडळींकडून ४००, ४०३, ४०४ या एचटीटीपी स्टेटस कोडबद्दल, म्हणजे सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो त्या आकड्यांबद्दल, तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ रूपात घ्या.

१. चारशेच्या घरातला कोड म्हणजे नेमकं काय? ती सर्व्हरची चूक असते का?

नाही. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे आलेल्या विनंतीतच अडचण आहे. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे विनंती ठीक असावी, पण गडबड आमच्याकडे झाली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे कोणी काय करायचं ते यावरूनच ठरतं. ५०० आला तर मोबाइल ॲप थोडं थांबून तीच विनंती पुन्हा पाठवतं. ४०० आला तर ते वापरणाऱ्याला माहिती दुरुस्त करायला सांगतं. आपल्या बगवर ४०० चा शिक्का मारला, तर समोरचा माणूस स्वतःच्या बरोबर भरलेल्या फॉर्ममध्ये चूक शोधत बसतो. जँगोत बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. चूक समोरच्याची असते आणि आपण ५०० देतो. त्याबद्दल प्रश्न ५ पाहा.

२. ४०४ द्यायचा साधा मार्ग कोणता?

गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ हे शॉर्टकट फंक्शन. मॉडेल आणि अटी दिल्या की ते नोंद शोधतं आणि ती नसेल तर एचटीटीपी४०४ हे एक्सेप्शन रेझ करतं. असिंक व्ह्यूसाठी त्याचं ए ने सुरू होणारं रूप जँगो ५.० पासून आहे. एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. अटीला एकाऐवजी दोन नोंदी जुळल्या, तर हे फंक्शन ४०४ देत नाही. मल्टिपल_ऑब्जेक्ट्स_रिटर्न्ड तसंच वर जातं आणि ५०० होतो. म्हणून शोध नेहमी युनिक फील्डवर घ्या.

३. माझ्या मशीनवर ४०४ ला यूआरएलची लांब यादी दिसते. ती ग्राहकालाही दिसेल का?

डीबग सेटिंग ट्रू असेल तरच दिसते. प्रॉडक्शनवर ते फॉल्स हवंच, कारण ती यादी म्हणजे तुमच्या साइटचा नकाशाच. फॉल्स केल्यावर अलाऊड_होस्ट्समध्ये डोमेन लिहावं लागतं, नाहीतर प्रत्येक पानावर ४०० येईल.

४. स्वतःचं ४०४ पान कसं लावायचं?

टेम्प्लेट फोल्डरच्या मुळाशी ४०४ नावाची एचटीएमएल फाइल ठेवली की पुरे. जँगो ती आपोआप उचलतो. ४००, ४०३ आणि ५०० साठीही तसंच. त्याहून जास्त काही हवं असेल, तर मुख्य यूआरएल फाइलमध्ये हँडलर४०४ या नावाला तुमच्या फंक्शनचा पत्ता द्या. ॲपच्या यूआरएल फाइलमध्ये दिला तर जँगो त्याकडे बघतही नाही.

स्वतःचा हँडलर लिहिताना रेंडरला स्टेटस ४०४ द्यायला विसरू नका. विसरलात तर पानावर ‘सापडलं नाही’ असं दिसेल, पण कोड जाईल २००. माणसाला फरक कळणार नाही. सर्च इंजिन मात्र ते खरं पान समजेल, आणि तुमचं मॉनिटरिंगही सगळं ठीक आहे असं सांगत राहील. ४०४ आला की सगळ्यांना मुखपृष्ठावर रीडायरेक्ट करणं हाही त्यातलाच प्रकार. लिंक चुकली आहे, हे वाचकाला कळण्याचा हक्क आहे.

एररच्या पानांचं टेम्प्लेट शक्य तितकं साधं ठेवा. ४०४ आणि ४०३ च्या पानांना रिक्वेस्ट मिळते, त्यामुळे काँटेक्स्ट प्रोसेसर चालतात. ४०० आणि ५०० च्या मूळ हँडलरमध्ये ते चालत नाहीत. मेनूत वापरणाऱ्याचं नाव दाखवणारं बेस टेम्प्लेट तिथे अर्धवट दिसेल.

५. वापरणाऱ्याने चुकीची माहिती पाठवली, तरी ५०० येतो. असं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारण असं की पायथॉनचं साधं एक्सेप्शन जँगोला ‘ग्राहकाची चूक’ वाटत नाही. ते पकडलं नाही तर थेट ५०० होतो. नेहमीच्या जागा या:

रिक्वेस्टच्या गेटमधून चौकटी कंसाने पॅरामीटर घेतला आणि तो आलाच नाही, तर की एरर येतो. फ्लास्क या दुसऱ्या फ्रेमवर्कमधून आलेले इथे हमखास फसतात, कारण तिकडे त्याच चुकीला आपोआप ४०० मिळतो. पान क्रमांकाला इंट लावलं आणि कोणी त्या जागी अक्षरं पाठवली, तर व्हॅल्यू एरर. रिक्वेस्टच्या बॉडीतलं जेसन तुटकं असलं, तर डीकोड एरर. यूआरएलमधून यूयूआयडी साध्या स्ट्रिंग म्हणून घेतला आणि तो मोडका निघाला, तर शोध घेतानाच व्हॅलिडेशन एरर.

यूआरएलमधल्या गोष्टींसाठी इंट किंवा यूयूआयडी कन्व्हर्टर वापरा. चुकीचं मूल्य व्ह्यूपर्यंत पोचतच नाही, वाटेतच ४०४ होतो. क्वेरी पॅरामीटरसाठी जँगोचा फॉर्म वापरा. गेटच्या माहितीवरही फॉर्म चालतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. हाताने पकडायचं असेल तर ट्राय-एक्सेप्टमध्ये बॅड_रिक्वेस्ट हे एक्सेप्शन रेझ करा. जँगो ३.२ पासून ते आहे आणि ४०० देतं. पण सगळ्या व्ह्यूला एकच मोठं ट्राय-एक्सेप्ट गुंडाळून प्रत्येक एक्सेप्शनचा ४०० करू नका. त्यात तुमचे स्वतःचे बगही लपतात.

६. ४०१ कधी आणि ४०३ कधी?

४०१ म्हणजे तुम्ही कोण ते मला कळलेलं नाही, ओळख द्या. ४०३ म्हणजे ओळख पटली असेल किंवा नसेल, पण इथे परवानगी नाही. मानकाप्रमाणे ४०१ सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हा हेडर पाठवणं बंधनकारक आहे. साध्या जँगोत ४०१ साठी वेगळा रिस्पॉन्स क्लासच नाही, कारण तिथे लॉगिन नसलेल्याला लॉगिन पानावर पाठवायची पद्धत आहे.

जँगोवर एपीआय बनवण्यासाठीच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये ‘टोकन पाठवलंच नाही, तरी ४०३ का’ असं विचारणारे बरेच असतात. तिथे कोड ठरतो तो ऑथेंटिकेशन क्लासच्या यादीतल्या पहिल्या नावावरून. पहिला सेशन ऑथेंटिकेशन असेल, तर त्याच्याकडे तो हेडर नसतो, म्हणून ४०३. टोकनचा क्लास पहिल्या जागी आणा, ४०१ मिळेल.

७. दुसऱ्याची ऑर्डर उघडायचा प्रयत्न केला तर ४०३ द्यायचा की ४०४?

माझं मत ४०४. ४०३ दिला की त्या क्रमांकाची ऑर्डर अस्तित्वात आहे हे तुम्ही कबूल केलंत, आणि एक एक क्रमांक वाढवत कोणीही तुमच्या ऑर्डर मोजू शकतो. मानकही यासाठी ४०४ वापरायला परवानगी देतं. कोडही सोपा होतो. गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ च्या अटींतच यूजर द्या, नंतर वेगळी तपासणी करायची गरज नाही. जिथे वस्तू सगळ्यांना माहीतच आहे आणि फक्त बदलायची परवानगी नाही, उदाहरणार्थ सहकाऱ्याचा प्रकाशित लेख, तिथे परमिशन_डिनाइड रेझ करून ४०३ द्या आणि परवानगी कोणाकडे मागायची तेही पानावर लिहा.

८. लॉगिन केलेलं असूनही पुन्हा पुन्हा लॉगिन पान येतं. का?

परमिशन_रिक्वायर्ड हा डेकोरेटर परवानगी नसलेल्या प्रत्येकाला लॉगिनकडे पाठवतो, आत असलेल्यालाही. लॉगिन व्ह्यूला ‘आधीच आत असलेल्याला पुढे पाठव’ असं सांगितलेलं असेल, तर दोन पानं एकमेकांकडे चेंडू टोलवत बसतात. डेकोरेटरला रेझ_एक्सेप्शन ट्रू द्या, म्हणजे ४०३ मिळेल. क्लासवर आधारित व्ह्यूचे मिक्सिन हे स्वतःच ओळखतात. बाहेरच्याला लॉगिन, आतल्याला ४०३.

९. मी हँडलर४०३ लावला आहे, पण सीएसआरएफच्या वेळी जँगोचंच पान दिसतं.

सीएसआरएफ म्हणजे दुसऱ्या साइटवरून खोटा फॉर्म येऊ नये म्हणून जँगो करतो ती टोकनची तपासणी. त्याचा रस्ता वेगळा आहे. त्यासाठी सीएसआरएफ_फेल्युअर_व्ह्यू ही सेटिंग बदला, किंवा ४०३_सीएसआरएफ नावाचं टेम्प्लेट ठेवा. हे पान समजेल अशा भाषेत लिहा, कारण इथे बऱ्याचदा वापरणाऱ्याची काहीच चूक नसते. लॉगिन करताना टोकन बदलतं. एका टॅबमध्ये लॉगिन केलं आणि आधीपासून उघड्या असलेल्या दुसऱ्या टॅबमधला फॉर्म पाठवला, की ४०३. ‘पान रीफ्रेश करून पुन्हा पाठवा, भरलेला मजकूर आधी कॉपी करून ठेवा’ एवढं लिहिलं तरी लोकांचा अर्धा तास वाचतो.

जुनी साइट जँगो ४.० च्या पुढे नेल्यावर सगळेच फॉर्म ४०३ देऊ लागले, तर सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स तपासा. तेव्हापासून तिथे डोमेनच्या आधी एचटीटीपीएस वगैरे स्कीम लिहावी लागते.

१०. फॉर्ममध्ये चूक असेल तर २०० द्यायचा की ४००?

नेहमीच्या एचटीएमएल फॉर्मसाठी जँगो चुका दाखवून तेच पान २०० ने देतो, आणि ते ठीक आहे. एपीआयमध्ये ४०० द्या. रेस्ट फ्रेमवर्क तेच करतं. काही संघ ४२२ (रचना बरोबर, पण आतली माहिती चालणारी नाही) वापरतात. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये तो आता मुख्य मानकाचाच भाग आहे, तेव्हा तोही चालेल, फक्त सगळीकडे एकच ठेवा. एचटीएमएक्स (पानाचा एखादाच भाग सर्व्हरकडून आणून बदलणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरत असाल तर लक्षात घ्या, ४ ने सुरू होणारं उत्तर ते मूळ सेटिंगमध्ये पानात बसवत नाही. ‘चुका दिसतच नाहीत’ या तक्रारीचं मूळ तिथे असतं.

११. पोस्ट पाठवतो आहे, तरी ४०५ येतो आणि लॉगमध्ये गेट दिसतं.

४०५ म्हणजे ही पद्धत (इथे गेट) या पत्त्यावर चालत नाही. यूआरएलच्या शेवटचा स्लॅश राहिला आहे. अपेंड_स्लॅश चालू असेल तर जँगो स्लॅश लावलेल्या पत्त्याकडे ३०१ ने वळवतो. ३०१ नंतर ब्राउझर आणि बरीचशी साधनं पोस्टचं गेट करतात आणि बॉडी टाकून देतात. डीबग चालू असताना जँगो यावर स्पष्ट रनटाइम एरर देतो, प्रॉडक्शनवर मात्र गप्प राहतो. पाठवणाऱ्याकडचा पत्ता दुरुस्त करा.

१२. बातमीचा स्लग (पत्त्यात येणारं तिचं नाव) मराठीत ठेवला, तर प्रत्येक पानावर ४०४ येतो. जँगोत मराठी यूआरएल चालत नाहीत का?

चालतात, पण वाटेत तीन खड्डे आहेत आणि ते ओळीने येतात.

पहिला खड्डा स्लगिफाय. मूळ रूपात ते अस्की सोडून सगळं टाकून देतं, म्हणून मराठी मथळ्याचा स्लग रिकामा होतो. मग लोक अलाऊ_युनिकोड ट्रू करतात आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतात. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे अक्षर किंवा अंक. आपली काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये जोडचिन्हं म्हणून नोंदलेली आहेत, त्यामुळे ती त्यात बसत नाहीत. स्लगिफाय ती काढून टाकतं. ‘पुणे’चं होतं ‘पण’. ‘पाणी’चंही होतं ‘पण’. ‘पुणे’ आणि ‘पाणी’ या मथळ्यांचे दोन लेख असतील तर स्लग एकच, आणि मग प्रश्न २ मध्ये सांगितलेला ५००.

तिसरा खड्डा यूआरएलचा. स्लग कन्व्हर्टर फक्त अस्की अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर घेतो. मराठी पत्ता त्याला जुळतच नाही, म्हणून ४०४.

उपाय असा. रजिस्टर_कन्व्हर्टर वापरून स्वतःचा कन्व्हर्टर लिहा. त्याच्या रेजेक्समध्ये हायफन, नेहमीची अक्षरं आणि देवनागरीचा पूर्ण पट्टा, म्हणजे यू+०९०० ते यू+०९७फ, घाला (शेवटचं अक्षर सोळाच्या पद्धतीतलं एफ). स्लग बनवणारं छोटं फंक्शनही त्याच पट्ट्यावर स्वतः लिहा. स्लग फील्डचा व्हॅलिडेटरही मात्रा नाकारतो, म्हणून साधं कॅरेक्टर फील्ड घ्या आणि त्याला स्वतःचा व्हॅलिडेटर लावा. दहा-पंधरा ओळींचं काम आहे. मराठी वाचकाला पत्त्यात मराठी शब्द दिसावा यासाठी ते करण्यासारखं आहे.

१३. ते सगळं केलं. तरी काही लेखांना ४०४ येतो, डोळ्यांना मात्र दोन्ही पत्ते सारखेच दिसतात.

स्लगमध्ये ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘ऱ्हास’ असा शब्द आहे का ते पाहा. आपला हा ‘ऱ’ तीन प्रकारे टाइप होतो. एक, स्वतंत्र अक्षर यू+०९३१. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. जोडाक्षरात तिन्हींची छपाई सारखी, डेटाबेससाठी मात्र ते तीन वेगळे शब्द. युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ एनएफसी पद्धतीने चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हालाच रिप्लेस करून पहिल्या रूपात आणावा लागतो. हे दोन ठिकाणी करा, स्लग साठवताना आणि कन्व्हर्टरच्या टू_पायथॉनमध्ये आलेला पत्ता वाचताना. त्यासाठी कन्व्हर्टरच्या रेजेक्समध्ये झीरो विड्थ जॉइनरही घाला, कारण तो देवनागरीच्या पट्ट्याबाहेर आहे आणि रेजेक्स जुळल्याशिवाय पत्ता टू_पायथॉनपर्यंत पोचत नाही. फक्त एका बाजूला केलं तर उपयोग नाही.

१४. ग्राहक म्हणतो ४१३ किंवा ४१४ येतो, पण जँगोच्या लॉगमध्ये काहीच नाही.

विनंती जँगोपर्यंत आलीच नाही, एन्जिनएक्सने (जँगोच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) ती दारातच थांबवली. ४१३ म्हणजे पाठवलेली माहिती फार मोठी झाली. एन्जिनएक्सची अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी आहे, क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज वाढवा. ४१४ म्हणजे पत्ता फार लांब झाला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसह ९ अक्षरांची जागा. ८ केबीच्या मूळ मर्यादेत जेमतेम नऊशे चिन्हं मावतात. लांब मराठी मजकूर गेटने पाठवणारा शोध फॉर्म पोस्टवर न्या.

१५. ‘इनव्हॅलिड होस्ट हेडर’चे ईमेल दिवसभर येतात. हल्ला झाला आहे का?

बहुतेक वेळा हे नुसते बॉट असतात, थेट आयपी पत्त्यावर येणारे. साधा ४०४ वॉर्निंग पातळीवर नोंदला जातो, म्हणून त्याचा ईमेल येत नाही. डिसअलाऊड_होस्ट मात्र एरर पातळीवर जातो. अलाऊड_होस्ट्समध्ये तारा (*) टाकून तोंड बंद करू नका. एन्जिनएक्समध्ये अनोळखी होस्टसाठी वेगळा डीफॉल्ट सर्व्हर ठेवून ४४४ परत करा. तो काहीही उत्तर न देता जोडणी तोडतो.

१६. एपीआय जेसन देते, पण चुकीच्या पत्त्यावर एचटीएमएल येतं आणि ॲप कोसळतं.

पत्ताच जुळला नाही तर रेस्ट फ्रेमवर्कचा व्ह्यू सुरूच होत नाही, त्यामुळे त्याचा एक्सेप्शन हँडलरही चालत नाही. हँडलर४०४ मध्ये पत्ता एपीआयने सुरू होतो का ते पाहून जेसन परत करा, स्टेटससकट. आणखी एक फसवी जागा आहे. सिरियलायझरच्या बाहेर, मॉडेलच्या सेव्हमध्ये, जँगोचा स्वतःचा व्हॅलिडेशन एरर रेझ झाला तर रेस्ट फ्रेमवर्क तो ओळखत नाही आणि ५०० देतं. नाव सारखं असलं तरी रेस्ट फ्रेमवर्कचा व्हॅलिडेशन एरर वेगळा आहे.

१७. मिडलवेअरमध्ये ट्राय-एक्सेप्ट लावलं, तरी एचटीटीपी४०४ हाती लागत नाही.

लागणारच नाही. जँगो मिडलवेअरचा प्रत्येक थर अशा आवरणात ठेवतो की आतलं एक्सेप्शन बाहेरच्या थरापर्यंत पोचेतो त्याचं रिस्पॉन्स झालेलं असतं. गेट_रिस्पॉन्सनंतर स्टेटस_कोड तपासा. प्रोसेस_एक्सेप्शन हा पर्याय आहे, पण तो व्ह्यूतून आलेल्या एक्सेप्शनलाच चालतो, पत्ता न जुळल्याच्या ४०४ ला नाही.

१८. जुनी पानं कायमची काढली. ४०४ की ४१०?

कायमचीच गेली असतील तर ४१०. कोड न लिहिता करायचं असेल तर जँगोचं रीडायरेक्ट्स ॲप लावा. त्याचं मिडलवेअर ४०४ आल्यावर तक्त्यात जुना पत्ता शोधतं. नवा पत्ता भरलेला असेल तर ३०१ देतं, रिकामा असेल तर ४१०. संपादकालाही ॲडमिनमधून हे करता येतं.

१९. टेस्टमध्ये हे कसं तपासायचं?

टेस्ट क्लायंटने पान मागा आणि स्टेटस_कोड पाहा. सेटिंगमध्ये काहीही असलं तरी टेस्ट चालताना डीबग फॉल्स असतं, म्हणून तुमचे खरे हँडलरच चालतात. प्रश्न १२ आणि १३ मधल्या शब्दांच्या टेस्ट जरूर लिहा.

२०. व्ह्यूने ४०० दिला, तरी डेटाबेसमध्ये अर्धी ऑर्डर सेव्ह झाली. ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स तर चालू आहे!

प्रत्येक विनंती एकाच डेटाबेस व्यवहारात चालवणारी ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स ही सेटिंग स्टेटस कोडकडे पाहत नाही, एक्सेप्शनकडे पाहते. बॅड_रिक्वेस्ट किंवा एचटीटीपी४०४ रेझ केलंत तर ते व्यवहाराच्या आवरणातून बाहेर जातं आणि सगळं मागे फिरतं. ४०० चा रिस्पॉन्स ऑब्जेक्ट बनवून रिटर्न केलात, तर जँगोच्या दृष्टीने व्ह्यू नीट संपला, आणि तोवर लिहिलेलं सगळं कमिट होतं. ऑर्डरची नोंद झाली, पुढच्या ओळीत साठा अपुरा निघाला, तिथे रिटर्न केलं की ग्राहकाला ‘ऑर्डर झाली नाही’ आणि गोदामाला ‘ऑर्डर आली’. रेस्ट फ्रेमवर्कमध्येही तेच. त्याचं एपीआय एक्सेप्शन रेझ केलं तर त्याचा मूळ हँडलर व्यवहार मागे फिरवायची खूण करतो, ४०० चा रिस्पॉन्स रिटर्न केला तर करत नाही. तुम्ही स्वतःचा एक्सेप्शन हँडलर लिहिला असेल आणि त्यातून मूळ हँडलरला बोलावत नसाल, तर तीही खूण राहून जाते. अशा वेळी सेट_रोलबॅक स्वतः बोलवा.